लहान जर्सीवर चालत नाही ते नाव मोठ्या जर्सीवर कसे चालते?

प्रश्न : पर्वतीपायथा

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी दहा वर्षांची आहे आणि गेली दोन वर्षे ती आमच्या सोसायटीजवळच्या मैदानावर रोज संध्याकाळी फुटबॉल खेळते. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधला एक क्लब आम्हा दोघांचा आवडता आहे. त्या क्लबचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण माझा प्रश्न एका क्लबपुरता नाही. माझा मामेभाऊ तिकडे नोकरीला आहे. दिवाळीला येताना त्याने क्लबच्या स्वतःच्या दुकानातून तिच्यासाठी लहान मापाची आणि माझ्यासाठी मोठ्या मापाची, अशा दोन जर्सी आणल्या. दोन्हींचा रंग एक, कापड एक, डाव्या छातीवरचे बोधचिन्ह तेच. फरक एवढाच, की माझ्या जर्सीवर छातीच्या मधोमध एका बेटिंग कंपनीचे नाव ठळक अक्षरांत आहे आणि तिच्या जर्सीवर त्या जागी काहीच नाही.

ती जर्सी घालून ती मैदानावर गेली आणि अर्ध्या तासात रडवेली होऊन परत आली. तिच्याबरोबर खेळणाऱ्या दोन मुलांकडे त्याच क्लबच्या जर्सी आहेत. त्या रस्त्यावरच्या दुकानातून तीनशे-साडेतीनशे रुपयांना घेतलेल्या आहेत आणि मुलांच्या मापाच्या असूनही दोन्हींवर त्या कंपनीचे नाव छापलेले आहे. टीव्हीवर खेळाडूंच्या छातीवर जे दिसते ते त्यांच्याकडे आहे आणि हिच्याकडे नाही, म्हणजे हिचीच जर्सी डुप्लिकेट, असा निकाल मुलांनी देऊन टाकला होता. घरी येऊन तिने मला विचारले, "बाबा, माझी खोटी आहे का?"

मामेभावाला फोन केला तेव्हा तो म्हणाला, की तिकडे लहान मुलांच्या जर्सीवर अशा कंपन्यांची नावे नसतातच. तेव्हापासून मी विचारात पडलो आहे. जे नाव मुलाच्या अंगावर शोभत नाही असे तिथल्या लोकांना वाटते, ते नाव ती मुले ज्यांना देव मानतात त्या खेळाडूंच्या अंगावर कसे चालते? आणि पिढ्यान्‌पिढ्या एकाच क्लबच्या मागे उभ्या राहणाऱ्या तिथल्या चाहत्यांना याबद्दल नेमके काय वाटते? जाहिरात मुळातच नको, असे माझे म्हणणे नाही, कारण लहानपणी पाहिलेल्या काही जर्सींवरची कंपन्यांची नावे मला आजही आपुलकीने आठवतात. म्हणूनच हा गुंता माझा मला सुटत नाही.

---

प्रतिसाद १ : गोलजाळे

आपल्या मुलीची जर्सी अस्सल आहे आणि अस्सल असल्यामुळेच ती कोरी आहे, हे तिला सर्वांत आधी सांगा.

ब्रिटनमध्ये २००५ चा जुगारविषयक कायदा सप्टेंबर २००७ पासून पूर्णपणे लागू झाला आणि त्याच सुमारास बेटिंग कंपन्यांनी स्वतःहून स्वीकारलेल्या आचारसंहितेत असे ठरले, की मुलांच्या मापाच्या जर्सीवर आपली नावे छापायची नाहीत. तिथे बेटिंगसाठी वयाची अट १८ वर्षांची आहे, त्यामुळे त्याखालच्या मुलाला चालती-बोलती जाहिरात बनवू नये, असा त्यामागचा विचार. परंतु हा नियम कापडाला लागू आहे, डोळ्यांना नाही. कोरी जर्सी घालून बसलेले मूल नव्वद मिनिटे ज्या अकरा जणांकडे टक लावून पाहते, त्यांच्या छातीवर तेच नाव असते, मैदानाभोवतीच्या फलकांवर तेच फिरत असते आणि सामन्यानंतर मुलाखत देणाऱ्या खेळाडूच्या पाठीमागेही तेच असते.

एप्रिल २०२३ मध्ये प्रीमियर लीगच्या क्लबांनी मिळून असे ठरवले, की २०२५-२६ च्या हंगामाच्या अखेरीपर्यंत जर्सीच्या पुढच्या भागावरून बेटिंग कंपन्यांची नावे काढून टाकायची. हा निर्णय सरकारची जुगारविषयक श्वेतपत्रिका प्रसिद्ध होण्याच्या दोनच आठवडे आधी जाहीर झाला, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. या निर्णयात बाही येत नाही आणि फलकही येत नाहीत, म्हणून मी त्याला अर्धवट समजतो. इटलीने २०१८ मध्ये वटहुकूम काढून जुगाराच्या जाहिराती आणि प्रायोजकत्व या दोहोंवर बंदी आणली, आणि स्पेनमध्ये २०२१-२२ च्या हंगामापासून जर्सीवर अशी नावे दिसेनाशी झाली. ते दोन्ही निर्णय सरकारांनी घेतले होते. इंग्लंडमध्ये क्लबांनी स्वतःच स्वतःला तीन वर्षांची मुदत दिली.

आणखी एक गोष्ट आपल्याशी थेट संबंधित आहे. यांपैकी कित्येक कंपन्यांचे नाव खुद्द इंग्लंडमधल्या प्रेक्षकाने ऐकलेलेही नसते, कारण त्यांचे गिऱ्हाईक तिथे नाहीच. ते आशियात, म्हणजे रात्री जागून सामने पाहणाऱ्या आपल्यासारख्यांत आहे. आइल ऑफ मॅनमधल्या एका मध्यस्थ कंपनीच्या परवान्याखाली अशा अनेक बेटिंग कंपन्यांना ब्रिटनमध्ये नाव मिरवता येत होते. मे २०२५ मध्ये ब्रिटनच्या जुगार नियामक आयोगाने कारवाई केल्यावर तिने परवाना परत केला, आणि त्या कंपन्यांशी करार असलेल्या क्लबांना आयोगाने ताकीद दिली. त्या स्टेडियममधले मैदान फक्त दर्शनी भिंत आहे आणि ती भिंत पाहणारे डोळे पुण्यात, मनिलात किंवा हनोईत आहेत, असे समजले तर मुलांच्या जर्सीचा तिथला नियम आपल्या मुलांच्या किती कामाचा आहे ते आपोआप कळते.

---

प्रतिसाद २ : करवीरकर

लहानपणच्या जर्सीवरच्या कंपन्यांची नावे आपुलकीने आठवतात, असे आपण लिहिले आहे, त्यावर मला थोडे सांगावेसे वाटते.

जर्सीवर जाहिरात येणे ही तशी जुनी गोष्ट नाही. पश्चिम जर्मनीत १९७३ साली आइनट्राख्ट ब्राउनश्वाइग या क्लबला येगरमाइस्टर या मद्याच्या कंपनीचे नाव हवे होते, पण तिथला फुटबॉल महासंघ परवानगी देत नव्हता. तेव्हा क्लबच्या सभासदांनी मतदान करून आपल्या बोधचिन्हातला सिंहच काढला आणि त्या जागी कंपनीचे हरणाचे डोके बसवले. जाहिरातीला बंदी होती, बोधचिन्हाला नव्हती. २४ मार्च १९७३ रोजी शाल्कविरुद्धच्या सामन्यात तो संघ छातीवर हरीण घेऊन उतरला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये महासंघाने जर्सीवरच्या जाहिरातीला रीतसर मान्यता दिली. इंग्लंडमध्ये जानेवारी १९७६ मध्ये केटरिंग टाउन या छोट्या क्लबच्या डेरेक डूगन यांनी गावातल्या केटरिंग टायर्स या दुकानाचे नाव जर्सीवर घातले. फुटबॉल असोसिएशनने ते काढायला सांगितले, तेव्हा त्यांनी शेवटची अक्षरे काढून नुसते 'केटरिंग टी' ठेवले आणि 'टी' म्हणजे टाउन, असा खुलासा केला. दंडाची धमकी आल्यावर तेही काढावे लागले. पुढच्याच वर्षी असोसिएशनने परवानगी दिली, १९७९ मध्ये लिव्हरपूलच्या छातीवर हिताची आले, आणि तरीही १९८३ पर्यंत टीव्हीवर दाखवल्या जाणाऱ्या सामन्यांत तिथल्या संघांना कोऱ्या जर्सी घालूनच खेळावे लागत असे.

ज्या काळात ही अक्षरे पडद्यावर दिसूही देत नव्हते, त्यानंतरच्या अवघ्या पंधरा वर्षांत ती आमच्या काळजात जाऊन बसली. २६ मे १९९९ च्या रात्री कोल्हापुरात एका मित्राच्या माडीवर आम्ही नऊ जण एका टीव्हीपुढे बसलो होतो. बार्सिलोनातला युरोपीय चषकाचा अंतिम सामना, मँचेस्टर युनायटेडविरुद्ध बायर्न म्युनिक एका गोलने पुढे, नव्वद मिनिटे संपलेली, आणि मग युनायटेडच्या शेरिंगहॅम आणि सोल्शायर यांचे दोन गोल. त्या लाल जर्सीवरची शार्प ही अक्षरे मला अजून डोळे मिटले तरी दिसतात. ही कंपनी काय बनवते हे तेव्हा आमच्यापैकी निम्म्यांना ठाऊक नव्हते आणि तिची एकही वस्तू मी आयुष्यात विकत घेतलेली नाही. पण १९८२ ते २००० अशी अठरा वर्षे ते नाव त्या जर्सीवर होते. एवढ्या वर्षांच्या जयापराजयांत ते मुरले, आणि आज 'शार्पच्या वेळचा संघ' म्हटले, की कोणता काळ ते लगेच कळते. आर्सेनलच्या चाहत्यांना जेव्हीसी या तीन अक्षरांबद्दल हेच वाटते.

आपुलकी कंपनीमुळे आलेली नसते. ती खेळाची असते, आणि नाव बराच काळ टिकले तर त्यालाही थोडी लागते. दर दोन वर्षांनी नाव बदलत राहिले, तर कशालाच काही लागत नाही. हल्ली मला नावापेक्षाही ही अदलाबदल अधिक खटकते. आमच्याकडे शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार हे तालमींचे संघ समोरासमोर येतात तेव्हा जर्सीवर देणगीदाराचे नाव असतेच, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार मी ऐकली नाही, कारण तो देणगीदार त्याच पेठेतला असतो आणि सामन्याला तो स्वतः स्टँडमध्ये बसलेला असतो.

---

प्रतिसाद ३ : हुगळीकाठ

मी मूळचा नागपूरचा असून बँकेच्या बदलीमुळे २०१९ पासून कोलकात्यात आहे, म्हणून इथले उदाहरण देतो.

१९९८ मध्ये एकाच मद्यसमूहाने इथल्या दोन्ही मोठ्या क्लबांत भागीदारी केली आणि मोहन बागानच्या नावाआधी मॅकडॉवेल, तर ईस्ट बंगालच्या नावाआधी किंगफिशर जोडले गेले. कागदोपत्री नाव काहीही असले तरी लोकांच्या तोंडी शेवटपर्यंत मोहन बागान आणि ईस्ट बंगाल हेच राहिले, असे इथले जुने लोक सांगतात. २०२० मध्ये मात्र वेगळी गोष्ट घडली. इंडियन सुपर लीगसाठी २०१४ मध्ये स्थापन झालेल्या एटीके या संघाशी मोहन बागानच्या फुटबॉल विभागाचे विलीनीकरण झाले आणि संघाचे नाव एटीके मोहन बागान झाले. हिरवा आणि मरून हे रंग तेच राहिले, बोधचिन्हातली होडीही राहिली, पण १९११ मध्ये ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकणाऱ्या क्लबच्या आधी सहा वर्षांच्या संघाची तीन अक्षरे लागली.

माझे शेजारी सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांनी ती तीन वर्षे नवीन जर्सी घेतली नाही. बैठकीच्या खोलीत त्यांच्या वडिलांचे क्लबचे सभासदपत्र काचेत लावलेले आहे. त्याकडे बोट दाखवून ते एवढेच म्हणत, की यावर जे नाव आहे तेच मी उच्चारीन. 'रिमूव्ह एटीके' अशा फलकांची मोहीम तोपर्यंत रस्त्यावर आली होती आणि कित्येक चाहत्यांनी सामन्यांवर बहिष्कार टाकला होता. १८ मार्च २०२३ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर संघाने लीगचा अंतिम सामना जिंकला आणि त्याच रात्री मालक संजीव गोएंका यांनी नाव बदलत असल्याचे जाहीर केले. आजचे नाव मोहन बागान सुपर जायंट आहे. त्यातला 'सुपर जायंट' हाही मालकांचाच, त्यांच्या लखनौच्या क्रिकेट संघाशी जुळणारा शब्द आहे, पण तो मागे आहे. माझ्या शेजाऱ्यांनी त्या वर्षी जर्सी घेतली.

यावरून मला असे वाटते, की चाहता पैशाला नाही म्हणत नाही. छातीवरची जागा तो देऊन टाकतो. क्लबच्या नावापुढे कोणी येऊन बसले, की मात्र तो उठतो.

---

प्रतिसाद ४ : ताळेबंद

हुगळीकाठ यांचे म्हणणे पटले, पण पैशाची बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहितो.

मँचेस्टर युनायटेडला २०१४ पासून सात वर्षांसाठी शेव्हरोलेने पन्नास कोटी डॉलरहून अधिक रक्कम कबूल केली होती. विमान कंपन्या, बँका, मोटारीच्या कंपन्या या अशा क्लबांच्या दारात रांग लावतात. गुणतक्त्याच्या मधल्या आणि खालच्या भागातल्या क्लबाकडे मात्र गावातला कारखानदार जेवढे देऊ शकतो त्याच्या कितीतरी पट रक्कम बेटिंग कंपनी देऊ करते, आणि ती नाकारली तर एक चांगला बचावपटू कमी घ्यावा लागतो. खालच्या श्रेणीत घसरलो तर होणारे नुकसान त्याहून मोठे असते. आपण ज्या क्लबाविषयी लिहिले आहे तोही बहुधा असाच असावा. त्या क्लबचे समर्थन म्हणून मी हे सांगत नाही. एकट्या क्लबाने पुण्याचे काम करावे अशी अपेक्षा ठेवली तर ते काम होत नाही आणि म्हणून बंदी सर्वांना एकाच दिवशी लागू व्हावी लागते, एवढेच मला म्हणायचे आहे.

चाहत्यांच्या भावनेला व्यवहारात किंमत असते, याचा मला सर्वांत आवडणारा दाखला ग्लासगोचा आहे. रेंजर्स आणि सेल्टिक यांचे वैर इतके खोल, की एकाला पैसे देणाऱ्या कंपनीचा माल दुसऱ्याचे चाहते घेणार नाहीत ही भीती खरी होती. म्हणून १९८४ मध्ये खिडक्यांच्या काचा बसवणाऱ्या सी. आर. स्मिथ या कंपनीने दोन्ही क्लबांशी एकदमच करार केला, आणि पुढे कितीतरी वर्षे तिथे दोन्ही क्लबांचा प्रायोजक एकच असण्याची रीत चालू राहिली. बोल्टनमध्ये २०१३ साली चढ्या व्याजाने अल्पमुदतीची कर्जे देणाऱ्या कंपनीचे नाव जर्सीवर येणार होते. गावातले लोक खवळले आणि क्लबाने तो करार मोडला. त्याच वर्षी न्यूकॅसलच्या पापिस सिसे या खेळाडूने श्रद्धेच्या कारणावरून अशाच एका कर्जकंपनीची जर्सी घालायला आधी नकार दिला होता, मात्र नंतर तो तयार झाला. एव्हर्टनमध्ये २०२२ साली बेटिंग कंपनीच्या करारावर वीस हजारांहून अधिक लोकांनी आक्षेपाच्या सह्या केल्या, तरी करार राहिला. म्हणजे विरोध कधी फळतो, कधी फळत नाही.

ॲस्टन व्हिलाने २००८ ते २०१० ही दोन वर्षे एक पैसा न घेता एकॉर्न्स या, असाध्य आजार असलेल्या मुलांची काळजी घेणाऱ्या संस्थेचे नाव जर्सीवर मिरवले होते. पुढे त्याच जर्सीवर बेटिंग कंपन्याही आल्या. त्या क्लबच्या चाहत्यांशी बोलताना आजही एकॉर्न्सची जर्सी निघतेच.

---

प्रतिसाद ५ : सावली

मी सहसा फक्त वाचते. आज लिहिते आहे, कारण करवीरकरदादांनी लिहिले, की शार्पची एकही वस्तू त्यांनी कधी घेतली नाही, आणि ते वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले.

माझा धाकटा दीर नाशिकला अभियांत्रिकी शिकत होता आणि तोही रात्री जागून सामने पाहायचा. त्याच्याकडे त्याच्या आवडत्या क्लबची जर्सी होती आणि तिच्यावर असेच एक नाव होते. खेळाच्या बातम्या देणारे म्हणून त्याच नावाचे संकेतस्थळ त्याला मोबाइलवर दिसले. ते उघडले, की दोन पायऱ्यांवर बेटिंग होते. नाव ओळखीचे असल्यामुळे त्याला ते परके वाटलेच नाही, हे त्याने पुढे आम्हाला सांगितले. पहिल्या महिन्यात त्याने काही शे रुपये कमावले. दहाव्या महिन्यात त्याची मोटरसायकल विकावी लागली, वसतिगृहातल्या सात मित्रांची उसनवारी निघाली आणि परीक्षेची भरलेली म्हणून सांगितलेली फी भरलेली नव्हती हेही कळले. तो आता बरा आहे, नोकरी करतो आणि दर महिन्याला थोडे थोडे पैसे परत करतो.

त्या सबंध काळात माझ्या सासूबाई ती जर्सी दर आठवड्याला हाताने धूत होत्या, कारण मशीनमध्ये अक्षरे निघतील असे त्याने सांगितले होते. ती दोरीवर उलटी करून वाळत घालायची, हेही त्यानेच शिकवले होते. काय प्रकार आहे हे त्यांना समजले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "मीच जपलं की रे ते नाव."

शार्पच्या नावाला चाहत्याकडून फार तर टीव्ही विकत घेतला जाण्याची अपेक्षा होती, आणि तो घेतला तर घरात टीव्ही येत होता. या नावांचा नफा मात्र जर्सी घालणाऱ्याच्या हरण्यातून येतो. आपल्या प्रश्नातला गुंता मला तरी इथेच सुटलेला दिसतो. केंद्रीय माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने २०२२ मध्ये अशा आडून केलेल्या जाहिरातींविरुद्ध सूचना काढल्या होत्या आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर संसदेने बंदीचा कायदाही केला. त्यानंतर भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरचे नाव बदललेले आपण सर्वांनी पाहिले. पण परदेशातल्या मैदानावरच्या खेळाडूच्या छातीपर्यंत आपला कायदा पोचत नाही, आणि तीनशे रुपयांच्या जर्सीवर काय छापावे हे बाजारात कोणी तपासत नाही.

आपल्या मुलीची जर्सी मला फार आवडली, हे तिला आवर्जून सांगावे.

---

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद : पर्वतीपायथा

आपणा सर्वांचे मनापासून आभार. सावलीताई, आपला प्रतिसाद मी घरात मोठ्याने वाचून दाखवला. मुलगीही ऐकत होती. तिने फक्त, "ते दादा आता खेळतात का?" असे विचारले. त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

करवीरकर, शार्पबद्दल आपण लिहिलेले मला पूर्ण पटले, आणि माझ्या आठवणीतली नावे मी त्या हिशेबात बिनधास्त ठेवीन. माझी मोठ्या मापाची जर्सी मात्र मी घडी घालून कपाटात ठेवली आहे. पुढच्या हंगामात पुढचा भाग मोकळा झाला तर मामेभावाला दुसरी आणायला सांगेन. बाहीवर कोणाचे नाव आहे ते आधी विचारून घेईन.

रविवारी मुलीला पाठीवर आकडा हवा होता म्हणून आम्ही जर्सी छापून देणाऱ्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने जर्सी टेबलावर पसरली, छातीवरच्या कोऱ्या जागेवरून हात फिरवला आणि सवयीने विचारले, "पुढे स्पॉन्सर राहिलाय, टाकून देऊ का? तेवढ्यात तेवढं होईल." मी काही बोलण्याआधीच तिने सांगितले, की ती अशीच असते. आम्ही पाठीवर १४ छापून घेतला आणि तिथून थेट मैदानावर गेलो.